रविवारी महिदपूर, सकाळी ६ ला राजवाडा!

मंडळी, येत्या रविवारी इतिहास ग्रुपची महिदपूरची ट्रिप पक्की, बस राजवाड्यासमोरून ६ वाजता सुटेल, मागच्या वेळसारखं पोहे-जलेबी खात बसू नका, थांबणार नाही.

तिथे क्षिप्राकाठी २१ डिसेंबर १८१७ ला होळकर इंग्रजांकडून हरले, आदल्याच दिवशी राज्याचा कारभार बघणाऱ्या तुळसाबाई होळकरांचा खून झालेला अन् गादीवरचे मल्हारराव तिसरे तर अजून पोरच. मग ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह, खानदेश गेला, राजपुतान्यावरचा हक्क गेला, इंदूरला रेसिडेंट (इंग्रजांचा प्रतिनिधी) येऊन बसला. आपलं इंदूर राजधानी झालं तेही त्यानंतरच, हे निम्म्यांना माहीतच नसतं!

- नावं शुक्रवारपर्यंत
- पाणी, टोपी आपापली
- बसमध्ये शिंदे-होळकर भांडण नको, ग्वाल्हेरचे पाहुणे आहेत 😄