आकडा कालचा, धूर आजचा

महोदय,

मोबाइलवरचा सरकारी हवा निर्देशांक बघून पहाटे फिरायला निघणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की तो आकडा त्या क्षणाचा नसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पद्धतीत धूलिकणांची 24 तासांची सरासरी धरतात. किमान 16 तासांच्या नोंदी आणि तीन प्रदूषके (त्यात पीएम 2.5 किंवा पीएम 10, म्हणजे अडीच किंवा दहा मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण, हवेच) नसतील, तर निर्देशांक निघतच नाही. घोडबंदर रोडवर रात्रभर डंपर धावले तरी सकाळी आकडा फारसा हलत नाही, तो 24 तासांच्या सरासरीमुळेच.

गॅलरीतल्या स्वस्त सेन्सरची तऱ्हा उलटी. तो लेझरच्या उजेडात कण मोजतो. ऐरोली-वाशीच्या खाडीकाठी पहाटेच्या दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, आकडाही फुगतो. सरकारी केंद्रांवरच्या बीटा किरणांच्या यंत्रात आत येणारी हवा तापवून ओलावा घालवतात, मग फिल्टरच्या फितीवर साचलेल्या धुळीने किरण किती अडले त्यावरून वस्तुमान काढतात. दोघांची तुलना करायचीच तर कोरड्या दुपारी करावी.

महापालिकांनी चौकातल्या फलकांवर निर्देशांकाशेजारी पीएम 2.5 ची तासाची पातळी दर घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये द्यावी आणि 24 तासांची 60 ही मर्यादाही लिहावी. यंत्र बंद असेल तर तसे स्पष्ट सांगावे. जुना आकडा झळकवत ठेवू नये.

– एक वाचक, ठाणे