आई-बाबा, मी कॉम्रेड्स धावायला जाते आहे

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

पैसे भरून झालेत, तिकीटही काढलंय. जूनमध्ये मी दक्षिण आफ्रिकेला कॉम्रेड्स मॅरेथॉन धावायला जाते आहे. फोनवर सांगितलं असतं तर आई "बरं" म्हणाली असती आणि रात्रभर जागी राहिली असती. बाबा, तुम्ही नुसतेच गप्प झाला असता. म्हणून लिहिते आहे. पूर्ण वाचा, मग बोला.

पीटरमारित्झबर्ग ते डर्बन, जवळजवळ ९० किलोमीटर, १२ तासांत. आकडा वाचून घाबरू नका. नानांचं जे झालं त्यानंतर तुम्हाला पळण्याची धास्ती बसली आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट आणि बाळदम्याची पोर म्हणून फुप्फुसांची तपासणी, सगळं केलं. रिपोर्ट दादाकडे आहेत, तो दाखवेल. शर्यतीत वाटेत ठिकठिकाणी वेळेची मर्यादा असते. तिथे उशिरा पोचणाऱ्याला पुढे सोडतच नाहीत, गाडीत बसवून नेतात. आणि मी पाणी ढोसत सुटणार नाही. गेल्या दिवाळीत आईचं सोडियम उतरलं, ते आठवतं ना? तासन् तास धावताना गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर धावणाऱ्याचंही तसंच उतरतं. तहान लागेल तेवढंच पिणार. दुखण्याच्या गोळ्या धावताना घेणार नाही, मूत्रपिंडावर ताण येतो. आई, तू बॅगेत त्या घालू नकोस.

ही शर्यत १९२१ साली व्हिक क्लॅफम नावाच्या माणसाने सुरू केली. तो पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर मैलोन् मैल चालला होता. गेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून त्याला पुतळा नको होता, माणसाच्या चिकाटीची कसोटी हवी होती. पहिल्या वर्षी ३४ जण धावले. आई, तुला पुढचं आवडेल. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड या बाईला प्रवेश नाकारला, तरी ती धावली आणि १२ तासांच्या आत पोचली. मेडल मिळालं नाही, पण लोकांनी तिला चांदीचा टी-सेट दिला. बायकांना आणि काळ्या धावपटूंना रीतसर धावायला मिळालं ते थेट १९७५ मध्ये. तिथल्या रस्त्यावर मला त्या बाईची आठवण येणारच.

बाबा, तुम्ही म्हणाल, यंदा उताराची शर्यत आहे, मग सोपंच की. नाही. साधारणपणे दरवर्षी दिशा बदलते, आणि उताराचं वर्ष मांड्यांचा जीव काढतं, कारण शरीराचा भार प्रत्येक पावलाला त्यांनीच अडवायचा असतो. म्हणून मी यवतेश्वरचा घाट चढून झाल्यावर तोच घाट पळत उतरायचा सराव करते.

त्या घाटाबद्दल सांगायचंच आहे. शेवटच्या वळणांवर पाय भरून येतात, श्वास पोटातून ओढावा लागतो, डोकं म्हणतं, पुरे. आधी मी ऐकायची. मग कळलं की डोकं फार लवकर घाबरतं, पायांत अजून बरंच उरलेलं असतं. त्या "पुरे"नंतर जी पावलं पडतात त्यांत मला खरा आनंद होतो. घरी येऊन पाठ टेकल्यावरचा नव्हे, तिथल्या तिथे, चढावर, घामाने डोळे चुरचुरत असताना. लहानपणी पी.टी.च्या तासाला मला पायरीवर बसवायचे. बाबा, तुम्ही मला खांद्यावर घेऊन अजिंक्यताऱ्यावर न्यायचात, म्हणजे मला वरून सगळं दिसावं. आता माझ्या पायांनी वर पोचते, तेव्हा तुमच्या खांद्यावरचीच मी असते. तुम्हाला ॲडमिट केलं त्या रात्री दादा विचारत होता, तू एवढी शांत कशी. सगळा रस्ता डोळ्यांसमोर आणायचा नाही, पुढच्या वळणापुरतंच बघायचं, हे मला घाटाने शिकवलं होतं.

आणि आई, वारीहून आलीस तेव्हा तुझ्या तळपायांना फोड होते. गरम पाण्यात पाय सोडून तू हसत होतीस, पुढच्या वर्षाचं बोलत होतीस. तेव्हा आपल्यापैकी कोणीच तुला "कशाला गेलीस" विचारलं नाही. कॉम्रेड्समध्येही ठरलेल्या वेळेत पोचवणारे मोठे घोळके असतात, गाणी म्हणत एकमेकांना ओढून नेतात. मी त्यातल्याच एकात असेन, एकटी नसेन.

जेवणाची काळजी नको. १८६० पासून भारतातून नेलेल्या मजुरांची पुढची पिढी डर्बनमध्ये आहे, वरणभात मिळतो. तरी मेतकूट नेतेच आहे. तिथे तेव्हा हिवाळा, पहाटे थंडी असते, तुझा विणलेला मफलर घालीन. बाबा, गांधीजींना गाडीतून उतरवलं ते स्टेशन पीटरमारित्झबर्गचंच. आदल्या दिवशी जाऊन फोटो पाठवते.

मी नसताना स्वयंपाकाच्या मावशी दोन्ही वेळा येतील, बोलून ठेवलंय. औषधांचे डबे आठवड्याच्या वारांप्रमाणे भरून ठेवीन. बाबा, रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, दात काढायचा असला तरी नाही. पावसात गच्चीवर जायचं नाही. बाथरूममधली रबरी मॅट आईने उचलून ठेवली आहे म्हणे, ती आजच परत टाका. तुमचे जावई शुक्रवारीच येऊन राहतील. "कशाला उगाच" असं त्यांना म्हणू नका, त्यांना तुमच्याकडे राहायला आवडतं.

शर्यत रविवारी आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, त्यामुळे माझा फोन रात्री उशिरा येईल. त्याआधी दोघांनी जेवून घ्यायचं. उपास धरायचा नाही, आई, तुझ्या शुगरला तो झेपत नाही. देवापाशी दिवा लावलास तर मला बरंच वाटेल.

पत्र वाचून झालं की बाबांनी फोन करावा. रागावलात तरी चालेल, पण करा.

तुमची,
मनू