सुताच्या कातरणाला दरसूचीत जागा द्या : वस्त्रोद्योग मंत्र्यांना खुले पत्र

मा. वस्त्रोद्योग मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या वडिलांनी चादरीचे माग चालवले. मी स्थापत्य अभियंता झालो, पण राहतो त्याच गल्लीत, मागांच्या खडखडाटात. या दोन्ही धंद्यांची ओळख असल्यामुळे आपल्यासमोर एक मागणी ठेवत आहे : माग आणि शिलाईतून उरणाऱ्या ज्या कातरणापासून पुन्हा सूत होऊ शकत नाही, त्यापासून बांधकामात भिंती-छतांना लावायचे फलक (पॅनेल) तयार व्हावेत आणि त्यांचे पहिले गिऱ्हाईक शासनाने व्हावे.

पुन्हा सूत होऊ शकत नाही, हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरले आहेत. एकरंगी, स्वच्छ कातरण आजही विकले जाते. काही गिरण्यांत पिंजून त्याचे जाडे सूत निघते, काही गाद्यांत भरले जाते, तर काही पुसणी म्हणून गॅरेजमध्ये जाते. या व्यवहारांवर अनेक कुटुंबे जगतात आणि ते मोडता कामा नयेत. प्रश्न आहे तो उरलेल्याचा. रेपिअर (धोट्याशिवाय चालणाऱ्या) मागावर कापडाच्या कडेने अखंड कापली जाणारी किनार, टॉवेल शिवताना पडणाऱ्या रंगीबेरंगी चिंध्या, मागाखाली साचणारी तेलकट लव, यांचे तंतू एक तर आखूड असतात किंवा एकमेकांत इतके मिसळलेले असतात की त्यांना कोणी भाव देत नाही. मग ते कचरा डेपोवर जाते किंवा कारखान्याच्या मागे रात्री पेटवले जाते. तो धूर आम्ही लहानपणापासून ओळखतो.

अशा मालाचे काय करता येते, याची उदाहरणे जगात आहेत. फ्रान्समध्ये जुने कपडे गोळा करणारी ल रले ही संस्था त्यांतील सुती तंतूंपासून भिंती आणि छतांसाठी उष्णतारोधक गाद्या बनवते. पॅरिसमधील क्लॅरिस मेर्ले या वास्तुरचनाकार तरुणीने कपड्यांच्या चुऱ्यापासून विटा तयार केल्या. त्या विटा इमारतीचा भार पेलण्यासाठी नाहीत; आतल्या पडद्या (आडभिंती), सजावट आणि आवाज शोषणे एवढेच त्यांचे काम आहे. आपणही ही मर्यादा मान्य करूनच पुढे जावे, कारण चिंध्यांची इमारत उभी राहील असा दावा कोणी केला, तर त्याने या विषयाचेच नुकसान होईल.

सोलापूरची गरजही नेमकी तीच आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे गेला की पत्र्याच्या शेडमधला कामगार आणि स्लॅबखाली विड्या वळणारी बाई, दोघेही भाजून निघतात. पिंजलेल्या कापसाच्या गादीची उष्णतावाहकता काचलोकरीच्या (ग्लास वूल) जवळपास, म्हणजे 0.04 वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असते. काँक्रीटची त्याच्या तीसपटीहून अधिक असते. छताखाली लावायला याहून जवळचा माल आमच्या शहराला कुठे मिळणार?

पडदीसाठी लागणाऱ्या कडक फलकाला मात्र सिमेंट हवे आणि तिथे रसायनशास्त्र आडवे येते. सिमेंटमधील अल्क (अल्कली) कापसाचा तंतू हळूहळू कुजवतो. सिमेंटचा काही भाग काढून त्याजागी राख घातली की मोकळा चुना राखेशी संयोग पावतो आणि तंतू अधिक काळ टिकतो. ही राख फताटेवाडीच्या 1,320 मेगावॉट क्षमतेच्या वीजकेंद्रात आहे, आणि 31 डिसेंबर 2021 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार राखेचा शंभर टक्के वापर करणे औष्णिक वीजकेंद्रांवर बंधनकारक आहे. दुसरी अडचण मला स्वतःला हात पोळून कळली. अशा मिश्रणाच्या मी घरी ओतलेल्या फरशांपैकी ज्यांत ताण्याचे (कापडाच्या उभ्या धाग्यांचे) सूत होते, त्यांवर तिसऱ्या दिवशीही नखाने ओरखडा उठत होता. कारण होते खळ. ताण्याला लावलेला स्टार्च सिमेंटला वेळेवर घट्ट होऊ देत नाही. तेच सूत गरम पाण्यात धुऊन वापरले, तेव्हा फरशी नीट बसली. प्रयोगशाळेने पहिल्या दिवसापासून अशा गोष्टी लक्षात घ्याव्यात, म्हणून हे सविस्तर लिहिले. रंगप्रक्रियेतील सांडपाण्याचा गाळ मात्र या मिश्रणात कोणत्याही सबबीखाली येऊ देऊ नये.

आगीविषयी लिहिताना हात जड होतो. 18 मे 2025 रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत 8 जणांचा जीव गेला. कापूस कसा पेटतो, हे या शहराला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. परदेशात अशा गाद्यांवर टाकणखार आणि बोरिक आम्लाची प्रक्रिया करतात. आमच्याकडे अग्निरोधाची चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय एकही फलक कोणाच्या डोक्यावर लागू नये, आणि त्या चाचणीचा खर्च छोट्या उद्योजकावर न टाकता शासनाने उचलावा.

आता मूळ मागणी. राज्याच्या 2023-28 च्या वस्त्रोद्योग धोरणाच्या नावातच ‘शाश्वत’ हा शब्द आहे. परंतु सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत, म्हणजे सरकारी कामांसाठीच्या वस्तू आणि दरांच्या यादीत, जी बाब नाही, ती सरकारी अंदाजपत्रकात येत नाही, आणि अंदाजपत्रकात नसलेली वस्तू कंत्राटदार विकत घेत नाही. उद्या एखाद्या तरुणाने उत्तम फलक बनवला तरी तो गोदामातच पडून राहील. म्हणून आपण बांधकाम विभागाशी बोलून चाचणी उत्तीर्ण झालेल्या फलकांना दरसूचीत जागा मिळवून द्यावी. चाचण्या येथील शासकीय तंत्रनिकेतनाकडे सोपवता येतील. पहिला वापर जिल्ह्यातील काही अंगणवाड्यांच्या छताखाली व्हावा आणि दोन उन्हाळे तेथील तापमानाची नोंद ठेवावी. कुंभारीच्या रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचा प्रकल्प उभा राहिला आहे. नोंदी समाधानकारक आल्या, तर तेथील वरच्या मजल्यांचा विचार पुढे करता येईल.

एक गोष्ट राहिली. कातरण निवडण्याचे काम आज बहुतांशी बाया करतात, लवेच्या धुरळ्यात, वजनावर मिळणाऱ्या मजुरीत. सुती, मिश्र, खळीचे आणि तेलकट अशी वर्गवारी त्यांच्या बोटांना जमते, आणि फलकाचा दर्जा त्या वर्गवारीवरच ठरणार आहे. त्यांना मुखपट्टी, हवेशीर जागा आणि ठरलेली मजुरी मिळेल, ही अट अनुदानाच्या पहिल्याच आदेशात असावी.

माझ्या फरशांचे नमुने आणि मिश्रणाच्या नोंदी आपल्या विभागाला विनामूल्य देण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
सोलापूरच्या यंत्रमागधारक कुटुंबातील एक स्थापत्य अभियंता