आधी बूट, मग स्की

ती. आई-बाबांस,
सा. न.

स्कीइंगची सुट्टी ठरली, शिकवणी नोंदवून झाली, आता राहिलं सामान. भाड्याच्या दुकानात शिरल्यावर डोळे आधी स्कींवर, म्हणजे बर्फावरून घसरायच्या फळ्यांवर जातात, कारण त्या लांबलचक आणि रंगीत असतात. पण पहिल्या आठवड्यात हनुवटी ते नाक एवढ्या उंचीची कुठलीही मऊ जोडी चालते. त्यावर दोन मिनिटं घालवा आणि उरलेला सगळा वेळ बुटांना द्या.

तिथे आपला नेहमीचा चपलेचा नंबर सांगू नका. स्कीच्या बुटाचं माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. पाऊल २६.५ भरलं तर बूट २६.५. दोन्ही पावलं उभ्यानं मोजून घ्या. नवखा माणूस ‘घट्ट होतोय’ म्हणाला की बरेच दुकानदार एक माप मोठा बूट देऊन मोकळे होतात. तासभर बरं वाटतं. मग आतलं अस्तर दबतं, पाऊल आत हलायला लागतं, म्हणून माणूस बकल्स करकचून आवळतो. त्यानं रक्त अडतं, बोटं गार पडून बधिर होतात आणि दोष थंडीला जातो. पायाला गारठा पुष्कळदा मोठ्या बुटामुळे होतो.

खात्री करायची रीत सोपी आहे. मऊ अस्तर बाहेर काढा, बाहेरच्या रिकाम्या प्लास्टिकच्या कवचात पाऊल घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागची फट बघा. ती दीड ते दोन सेंटिमीटर असावी. मग अस्तर परत घालून, टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा. आधी घोट्यावरचं बकल लावा, मग नडगीवरची, वरचा पट्टा, आणि पंजावरचं नुसतं अडकवून ठेवा. ताठ उभं राहिलं की अंगठा पुढे हलकासा लागतो. गुडघे वाकवून नडगी पुढे रेलली की तो सुटतो आणि टाच मात्र जागची हलत नाही. असं झालं की माप बरोबर. बुटाचा कडकपणा आकड्यात लिहिलेला असतो: आई, तुला ६० ते ७०, बाबांना ८० च्या आसपास. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. आई, दोन मोजे चढवू नकोस, घड्यांनी फोड येतात. आतल्या गरम विजारीची कडही बुटाच्या वरच राहू दे. ती आत गेली तर दुपारपर्यंत नडगीवर वळ उठतो.

आता दुकानातला फॉर्म. बाबा, हे तुमच्यासाठी. त्यात वजन, उंची, वय आणि तुम्ही किती सराईत आहात हे विचारतात. त्यावरून आणि बुटाच्या तळव्याच्या लांबीवरून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी कळ, किती जोराला सुटावी ते ठरतं. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी तो आकडा मुद्दाम एक पायरी खाली घेतात. वय चोरलंत किंवा उगाच ‘मध्यम’वर खूण केलीत, तर आकडा वर जातो, पडताना स्की सुटत नाही आणि एवढ्या लांब फळीचा पीळ थेट गुडघ्यात उतरतो. वजनही खरं लिहा आणि ‘सावध, नवशिका’ यावर खूण करा. बाइंडिंगच्या पुढच्या आणि मागच्या भागावर छोट्या खिडकीत तो आकडा दिसतो, तो दोन्ही स्कींवर एकदा वाचून घ्या. स्की सारखी निसटत असली तरी स्क्रू स्वतः फिरवायचा नाही, दुकानात परत न्यायची. निसटण्याचं कारण पुष्कळदा साधं असतं: तळव्याला चिकटलेला बर्फ. तो राहिला तर बूट नीट बसत नाही, आणि सुटायला हवा तेव्हा अडकूही शकतो. म्हणून दर वेळी तळवा बाइंडिंगच्या पुढच्या भागावर घासून साफ करा, आधी पंजा आत सरकवा, मग टाच दाबा. खटका ऐकू आला पाहिजे.

उतारावर उभं राहिलं की भीतीनं शरीर आपोआप मागे जातं. नवशिक्याच्या बहुतेक अडचणी तिथून सुरू होतात. वजन मागे गेलं की स्कीची टोकं हलकी होतात, आणि हलकी टोकं वळत नाहीत. ‘पुढे झुका’ म्हटलं की लोक कमरेत वाकतात, ते चुकीचं. झुकायचं घोट्यातून. त्याची खूण एकच: नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी. तिथला दाब गेला असं वाटलं की समजायचं, आपण मागे बसलो. हात पुढे, दोन्ही पंजे डोळ्यांना दिसतील असे.

वेग आवरायला पाचर शिकवतील. पुढची टोकं वीतभर अंतरावर, मागची फाकवलेली, अंगठ्याच्या बाजूच्या कडा बर्फात. टाचा बाहेर ढकलायच्या. गुडघे एकमेकांना भिडवायचे नाहीत. उजवीकडे वळायचं तर डाव्या पायावर भार. हे उलटं वाटतं, पण दोन दिवसांत अंगवळणी पडतं. पाचर रुंद करकरून मांड्या जाळण्यापेक्षा वळण पूर्ण करा, म्हणजे स्की उताराला आडवी येऊन वेग आपोआप मरतो.

पडणार तर आहातच. तोल गेला असं दिसताच बाजूला, चढाच्या अंगाला पडा. हातातल्या काठ्या सोडून द्या. काठी मुठीत धरून पडलं की अंगठ्याच्या मुळाशी दुखापत होते, ‘स्कीअरचा अंगठा’ म्हणून ती ओळखली जाते. गुडघ्याचा आतला बंध तुटण्यामागे बहुतेक वेळा तीन गोष्टी सापडतात: मागे बसून पडणं, घसरत असतानाच उठू पाहणं, आणि पडताना पाय ताठ करणं. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या संशोधकांनी हे पडणं बारकाईनं अभ्यासलं आहे. म्हणून घसरण पूर्ण थांबू द्या, गुडघे जवळ ठेवा. उठताना स्की शरीराच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या आणा. जमलं नाही तर वरच्या पायाची स्की काढून गुडघ्यावर या आणि मग उभं राहा. हा प्रकार हास्यास्पद दिसत असेल, पण साठीनंतर तोच शहाणपणाचा.

लिफ्टची धास्ती अनेकांना उतारापेक्षा जास्त असते. जमिनीवरच्या पट्ट्यावर स्की सरळ ठेवून नुसतं उभं राहायचं. ओढून नेणाऱ्या दांडीवर बसायचं नाही, तिनं मागून ढकलू द्यायचं. बसलं की पडलंच. चेअरलिफ्टला काठ्या एका हातात, मनगटाच्या पट्ट्या काढलेल्या, पाठीवरची पिशवी पोटावर. मागे वळून येणारी खुर्ची बघा, बसलात की सुरक्षा-दांडी खाली ओढा. उतरताना स्कीची टोकं वर, खूण आली की उभं राहून सरळ घसरत निघा, वळू नका. पहिल्या वेळी चालकाला ‘हळू करा’ असं सांगायला लाजू नका. ते त्याचं रोजचंच काम आहे.

रंगांचा घोटाळा लक्षात ठेवा. युरोपात निळा उतार सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. काही ठिकाणी निळ्याच्याही खाली हिरवा असतो. उत्तर अमेरिकेत मात्र हिरवं वर्तुळ सोपं आणि निळा चौकोन मध्यम. नकाशा न बघता रंगावर विसंबू नका. उतारावरचे आंतरराष्ट्रीय नियम १९६७ पासून आहेत. दोन पक्के ठेवा: पुढे असलेल्याचा मान पहिला, मागून येणाऱ्यानंच सांभाळायचं. आणि थांबायचं तर कडेला, जिथे वरून येणाऱ्याला दिसाल तिथे.

औषधांचं आता. रक्त पातळ करण्याची गोळी कोणी घेत असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना ‘स्कीइंग करणार’ असं स्पष्ट सांगा. डोक्याला साधा मार लागला तरी त्यात धोका वाढतो. थंडीनं रक्तदाब चढतो, तेही विचारून घ्या. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, आणि साखर मोजायचं यंत्र गारठ्यात चुकीचा आकडा दाखवू शकतं. दोन्ही आतल्या खिशात, अंगाशी. अडीच हजार मीटरच्या वर डोकं दुखलं, धाप लागली तर तो पहिल्या दिवसाचा शिणवटा समजून रेटू नका, खाली या. उंची १००० मीटरनं वाढली की अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. त्यामुळे उन्हापासून वाचवणारं मलम हनुवटीच्या आणि नाकाच्या खालीही लावा. गॉगल कपाळावर चढवू नका, घामाच्या वाफेनं धुकतो. आतून पुसूही नका, लेप निघतो. प्रवासविम्यात हिवाळी खेळ आणि वयाची अट, दोन्ही वाचा. साधा विमा बहुतेकदा स्कीइंगमधल्या दुखापतीचा खर्च देत नाही.

सकाळी पृष्ठभाग कडक असतो, मग मऊ होतो, आणि दुपारनंतर सावली आली की परत गोठतो. नेमकं तेव्हाच पाय थकलेले असतात. म्हणून ‘शेवटची एक फेरी’ नकोच. दोन तास शिकवणी, तासभर सराव, बस्स. वाहनतळावर आणि पायऱ्यांवर त्या बुटांतून घसरून पडणारेही पुष्कळ; टाच आधी टेका आणि कठडा सोडू नका.

संध्याकाळी अस्तर बाहेर काढून वाळवा, पण हीटरवर ठेवू नका. कोरडं झालं की परत घालून बकल्स सैल लावून ठेवा, म्हणजे कवचाचा आकार बिघडत नाही. बूट रात्री गाडीत विसरलात तर सकाळी प्लास्टिक इतकं ताठलेलं असेल की पाय आत जाणारच नाही. खोलीत ठेवा.

तुमची लेक