पद्मिनीसाठी स्पॉट वेल्डर

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या दाराखालची कुजलेली पट्टी कापून काढलीस, फार बरं केलंस. नवा पत्रा जोडायला कोणता स्पॉट वेल्डर (दोन पत्रे दाबून, करंटनं एका ठिपक्यापुरते वितळवून जोडणारं यंत्र) घ्यावा, असं विचारलंस. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. १९५३ च्या फियाट ११०० पासून या बॉडीवरच सगळा भार असतो. म्हणून वेल्डर स्वस्त घे, पण टाका (वेल्डचा एकेक ठिपका) कच्चा नको.

ऑनलाइन दिसणारे अगदी स्वस्त स्पॉट वेल्डर बॅटरीच्या सेलला ०.१-०.२ मिमीची निकेलपट्टी जोडायला असतात. आपला पत्रा ०.८-०.९ चा, तिथे ते निरुपयोगी. डेंटरकडचं वॉशर चिकटवून पोचा ओढायचं यंत्रही यासाठी नाही. तुला हवा तो तांब्याच्या दोन दांड्यांचा, सिंगल फेजवरचा, हातात धरायचा.

दुकानदार केव्हीए, म्हणजे यंत्राची विजेची क्षमता, सांगत बसेल. तू आधी टायमर बघ. एवढ्या पत्र्याला काही हजार अँपिअर लागतात, तेही सेकंदाच्या छोट्याशा अंशापुरते. अंदाजानं बटण दाबलं की एकदा भोक पडतं, एकदा नुसता डाग उमटतो. टायमर नसेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नकोस. दाब कमीजास्त करता येतो ना, तेही बघ. दाब अपुरा पडला की वितळलेलं लोखंड ठिणग्या होऊन बाहेर उडतं. लांब दांड्यांचा मोहही नको, त्यांत करंट घटतो. जाहिरातीतली जाडी बहुधा आखूड दांड्यांवरचीच असते.

मी तर सेकंडहँडच सुचवेन, पण पैसे देण्याआधी तपासून. आपल्याच जाडीच्या दोन पट्ट्या घासून चकचकीत कर, टाका मार, मग व्हाइसमध्ये धरून छिन्नीनं उचकट. टाका सुटला तर मशीन तिथेच ठेव. एका पट्टीला भोक पडून दुसरीवर चार-साडेचार मिमीचं, बटणासारखं गोल लोखंड चिकटून राहिलं, तर घे.

घरी १६ अँपिअरच्या प्लगवर एमसीबी पडत राहील. इलेक्ट्रिशियनकडून जाड वायरची वेगळी लाइन आणि सी टाइप (क्षणभराचा जास्त करंट सोसणारा) एमसीबी घालून घे.

बंद पोकळीच्या जागी दांडी आत जाणारच नाही. तिथे तुझा मिग (तार वितळवून जोडणारा वेल्डर) वापर: वरच्या पत्र्याला ६-८ मिमीचं भोक पाडून ते भरून घ्यायचं. स्पॉटच्या जोडात मात्र आतल्या बाजूला झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्याच्यावरूनच वेल्ड करता येतं असा गंजरोधक रंग) आठवणीनं मार, नाहीतर गंज तिथूनच धरेल. टाके २०-२५ मिमी अंतरावर ठेव; फार जवळ मारलेस तर करंट आधीच्या टाक्यातून निघून जातो.

मशीन बघायला जाशील तेव्हा कळव, मीही येतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश