वाणी जयराम कुठेही हरवली नव्हती

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मनाला लागून राहिलं. 'गुड्डी'तली ती गायिका एका सिनेमापुरती चमकली आणि मग दिसेनाशी झाली, असं तू लिहिलंस. वाणी जयराम दिसेनाशी झाली नाही रे. ती आपल्या मुलखात परतली, आणि तिथे जे गायली ते आपल्याकडे फारसं कोणी ऐकलंच नाही. इथे चेन्नईत तिचं नाव काढलं की माणसं गाण्यांमागून गाणी गुणगुणतात.

ती मूळची वेल्लूरची, जन्म ३० नोव्हेंबर १९४५चा, माहेरचं नाव कलैवाणी. कर्नाटक संगीत घरातच होतं. आठव्या वर्षी ती मद्रास आकाशवाणीवर गायली. पुढे कॉलेज, स्टेट बँकेत नोकरी, लग्न आणि मुंबई. पती जयराम यांच्याच आग्रहामुळे ती पतियाळा घराण्याच्या उस्ताद अब्दुल रहमान खाँ यांच्याकडे शिकू लागली आणि शेवटी बँक सोडली. त्या काळात मध्यमवर्गीय घरातल्या सुनेने पक्की नोकरी सोडून ठुमरी घोटत बसायचं, आणि नवऱ्याने त्याला पाठबळ द्यायचं! मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

तिला हेरलं ते आपल्या संगीतकार वसंत देसाईंनी. 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी' आठव. 'देव दीनाघरी धावला' नाटकातलं. कुमार गंधर्वांसोबतचा तो बाईचा आवाज वाणीबाईंचाच. मातृभाषा तमिळ, पण मराठी उच्चारात कुठे खोट काढून दाखव. १९७१ साली 'गुड्डी' आला. मियाँ की मल्हारातलं 'बोले रे पपीहरा' गाजलंच, पण आपण शाळेत रांगेत उभं राहून म्हणायचो ती 'हमको मन की शक्ति देना' ही प्रार्थनाही त्याच सिनेमातली, तिचीच.

मुंबईत तिचा जम का बसला नाही, याच्या गप्पा तू ऐकल्या असशील. त्या मी उगाळत नाही. १९७३मध्ये संगीतकार सलील चौधरींनी तिला मल्याळममध्ये गायला लावलं, पुढच्याच वर्षी तमिळ संगीतकार एम. एस. विश्वनाथन यांच्या 'मल्लिगै एन मन्नन मयंगुम' या गाण्याने तिला तमिळ घराघरांत पोहोचवलं. १९७५च्या 'अपूर्व रागंगळ'साठी पहिलं राष्ट्रीय पारितोषिक, मग 'शंकराभरणम्'साठी दुसरं. मधे हिंदीत 'मीरा'ही झाला, पंडित रविशंकरांच्या चालींवरची भजनं. त्याबद्दल फिल्मफेअर मिळालं. एकूण १९ भाषांत ती गायली.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो 'स्वाती किरणम्'. के. विश्वनाथ यांचा तेलुगू सिनेमा, संगीत के. व्ही. महादेवन यांचं. त्यात एक विलक्षण गाणारा लहान मुलगा आहे; त्याच्या गाण्याने त्याच्या थोर गुरूलाच मत्सर वाटू लागतो. त्या मुलाचा आवाज म्हणून पंचेचाळिशी गाठलेल्या वाणीबाई गायल्या. लहान मुलाचा आवाज काढायचा म्हणून लाडिक बोबडेपणा केला असता तर सगळंच फसलं असतं. तिने तसं काहीच केलं नाही. स्वर सरळ लावला, ताना मोत्यासारख्या सुट्या आणि स्वच्छ ठेवल्या, आणि 'आनतिनीयरा' या गाण्यात पडद्यावरचं पोर गातंय यावर आपला विश्वास बसतो. गुरूला मत्सर का वाटावा, हे कथेने सांगायची गरजच उरत नाही. तिसरं राष्ट्रीय पारितोषिक याचंच.

जयराम २०१८मध्ये गेले. जानेवारी २०२३मध्ये तिला पद्मभूषण जाहीर झालं, आणि ४ फेब्रुवारीला चेन्नईच्या घरी तीही गेली. 'स्वाती किरणम्'चे के. विश्वनाथ दोनच दिवस आधी गेले होते. पद्मभूषण आणखी वीस वर्षं आधी द्यायला काय हरकत होती, हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता एक काम कर. आधी 'मल्लिगै' ऐक, मग 'अपूर्व रागंगळ'मधलं 'एळु स्वरंगळुक्कुळ', आणि 'आनतिनीयरा' सगळ्यात शेवटी, रात्री, हेडफोन लावून. शब्द कळले नाहीत तर मला फोन कर. तमिळचा अर्थ मी सांगेन, तेलुगूसाठी शेजारच्या काकूंना विचारेन. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
चेन्नईकर मित्र