डुकरं उपाशी नव्हती

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत करोनाकाळावरच्या लेखात ‘विक्री थांबताच अमेरिकी शेतकऱ्यांनी डुकरांना उपाशी ठेवले’ असं वाक्य वाचलं. मी तेव्हा आयोवात एका पशुखाद्य कारखान्यात खाद्याचे फॉर्म्युले बसवत होते. म्हणजे ते वाक्य माझ्याच कामाबद्दल आहे.

एप्रिल 2020 मध्ये आधी शेजारच्या साउथ डकोटा राज्यातल्या सू फॉल्सचा आणि मग आयोवातल्याच वॉटरलूचा डुकरांचा मोठा कत्तलखाना बंद पडला, कारण कामगारच आजारी पडले होते. महिनाअखेरीस देशातली जवळपास 40 टक्के कत्तल थांबली. डुक्कर मात्र थांबत नाही. सहा महिन्यांत ते सव्वाशे किलोच्या आसपास जातं आणि शेवटी शेवटी दिवसाला पाऊण-एक किलो वाढतं. शेड रिकामं होईल त्या हिशेबाने पुढची पिल्लं आधीच जन्मलेली असतात. बरं, ठेवून घ्यावं म्हटलं तर फार वजनदार जनावर कत्तलखान्याच्या साखळीला झेपत नाही, भावही पडतो.

म्हणून वाढ मंदावण्यासाठी आम्ही खाद्यातून मुख्यतः सोया पेंड, म्हणजे प्रथिनं, काढली. मका 97 टक्के, बाकी क्षार आणि जीवनसत्त्वं. मक्यात लायसिन हा प्रथिनांतला घटक कमी असतो, आणि तो नसेल तर डुकराने कितीही खाल्लं तरी अंगावर मांस धरत नाही. काही ठिकाणी सोयाबीनची टरफलं घातली, म्हणजे पोट भरतं पण वजन चढत नाही. काहींनी शेडमधला उकाडा थोडा वाढवला, कारण गरमीत डुक्कर कमी खातं. गव्हाणी मात्र भरलेल्या होत्या. आमच्याकडे गाय आटली की पेंड बंद करून तिला कडब्यावर ठेवतात. तिला कुणी उपाशी ठेवलं असं म्हणतं का?

हे सगळं सुखासुखी झालं, असंही मी म्हणणार नाही. अशा खाद्यावर चरबी वाढते. प्रथिनं कमी पडली की डुकरं एकमेकांच्या शेपट्या चावतात. एका शेडमालकाने मला एक शब्दही न लिहिता नुसते शेपट्यांचे फोटो पाठवले होते, सात-आठ, रक्ताळलेल्या. आम्ही त्याच्या खाद्यात थोडी पेंड परत घातली. ज्यांची जनावरं आधीच विक्रीच्या वजनाला आली होती त्यांच्यासाठी आमची युक्ती उशिराची होती. त्यातली काही शेतावरच मारावी लागली. वाढ मंदावून काही आठवडे मिळतात, त्यापलीकडे काही नाही.

आता आपल्याकडचं. त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे आयोवातल्या गोंधळाच्या महिनाभर आधी, कोंबडीने करोना होतो अशी अफवा पसरली होती. फलटणजवळ माझ्या भाच्याचं तीन हजार पक्ष्यांचं शेड आहे, स्वतःचं, कंपनीच्या करारात नाही. बॅच तयार, पण व्यापारी पक्षी उचलेना. घाबरून त्याने दोन दिवस खाद्यच बंद केलं. पक्षी एकमेकांना टोचायला लागले, तेव्हा त्याने मला फोन लावला. आयोवात तेव्हा मध्यरात्र होती. मी म्हटलं, ‘अरे, बंद नको करू. फिनिशर, म्हणजे ते शेवटचं वजन वाढवायचं खाद्य, थांबव, मका भरडून त्यात कोंडा घाल, क्षारमिश्रण तेवढं चालू ठेव.’ तो म्हणाला, ‘मावशी, मका किती नि कोंडा किती?’ मी टक्क्यांत सांगितलं. तो गप्पच झाला. मग आम्ही दोघांनी घमेल्यांत हिशेब केला. मर थांबली. शेवटी पक्षी कवडीमोलाने गेले, ते काही मला टाळता आलं नाही.

उपाशी ठेवण्याची गोष्ट लेखकाला हवीच असेल, तर ती आयोवात शोधायला नको. आपल्याकडे खाद्याच्या पोत्यांवर पक्ष्याच्या वयाप्रमाणे प्री-स्टार्टर, स्टार्टर, फिनिशर लिहिलेलं असतं. व्यापारी आलाच नाही तर पक्षी कशावर धरून ठेवायचे, ते कुठल्याच पोत्यावर नसतं. पशुसंवर्धन विभागाने त्याचं एक पान मराठीत छापून पशुवैद्यकीय दवाखान्यांत लावावं, अशी विनंती आहे. मापं कृपया घमेल्यांत द्यावीत.

– एक निवृत्त पशुआहारतज्ज्ञ, फलटण (जि. सातारा)